यंत्रणपद्धती आणि धातूच्या पृष्ठभागाची गुणवत्ता

यंत्रभाग डोळ्यांना गुळगुळीत दिसला तरी त्याच्या पृष्ठभागावर सूक्ष्म उंचवटे व खळगे असतातच. मध्यरेषेपासून त्यांच्या सरासरी विचलनास आरए मूल्य म्हणतात व ते मायक्रोमीटरमध्ये मोजतात. सर्वसाधारणपणे कातकामात हे मूल्य ०.४ ते ६.३, तर ग्राइंडिंगमध्ये ०.१ ते १.६ येते.

लेथवर हत्याराचे टोक बारीक आटे उमटवीत पुढे सरकते. फीडच्या वर्गास टोकाच्या त्रिज्येच्या आठपटीने भागले असता या आट्यांची सैद्धांतिक उंची मिळते. त्रिज्या ०.८ मिमी व फीड दर फेऱ्यास ०.२ मिमी असता ती ६.२५ मायक्रोमीटर येते. फीड निम्मे केल्यास सुमारे १.५६ वर उतरते. प्रत्यक्षात पृष्ठभाग बहुधा याहून खडबडीत निघतो. मृदू पोलाद कमी वेगाने कापताना धातू धारेवर चिकटून साचतो आणि तुटताना पृष्ठभाग ओरबाडतो. वेग वाढविल्यास हा दोष बराच कमी होतो.

गुळगुळीतपणा नेहमी इष्टच असतो असेही नाही. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये होनिंगने मुद्दाम तिरकस चरे ठेवतात, कारण त्यांत तेल टिकते.

ग्राइंडिंग केलेला भाग अधिक टिकाऊ, हा विद्यार्थ्यांचा निष्कर्ष तर घाईचाच म्हणावा लागेल. शीतक अपुरे पडल्यास कठीण पोलादाचा वरचा थर भाजतो व त्यात ताणस्वरूपी अवशिष्ट प्रतिबले राहतात. असा चकचकीत दंड आवर्ती भाराखाली लवकर तडकतो. आरए मूल्यात हा दोष दिसत नाही. नायट्रिक आम्लाच्या सौम्य द्रावणाने पृष्ठभाग कोरल्यावर मऊ पडलेला भाग काळपट, तर पुन्हा कठीण झालेला पांढरट दिसतो.