संगणक सुरूच होत नाहीं तेव्हां

घरांतले दिवे एकाएकीं गेले म्हणजे मेणबत्ती कोठें ठेवली आहे याचा शोध सुरू होतो, आणि तो अंधारांत चाचपडत करावा लागतो. संगणकाचेंहि असेंच आहे. मुलांचीं छायाचित्रें, विम्याचे व कराचे कागद, एखाद्या वडीलधाऱ्या माणसानें अर्धवट लिहिलेल्या आठवणी, हें सर्व आज त्या एका यंत्रांत सांठविलेलें असतें. एके दिवशीं कळ दाबावी आणि पडद्यावर चार इंग्रजी ओळी येऊन सर्व स्तब्ध व्हावें, असा प्रसंग कोणत्याहि घरीं येऊं शकतो. अशा वेळीं संगणक बाहेरून सुरू करून देणाऱ्या साधनाविषयीं आज आपणांशीं चार शब्द बोलावयाचे आहेत.

कळ दाबतांच संगणकाच्या मुख्य पटावर कायमचा लिहून ठेवलेला एक लहानसा प्रोग्रॅम जागा होतो. १९८१ सालच्या आय. बी. एम. संगणकांत त्यास 'बायॉस' म्हणत. आजच्या यंत्रांत त्याची जागा 'यू. ई. एफ. आय.'नें घेतली आहे. तो यंत्राची तपासणी करतो आणि विंडोजसारखी कार्यप्रणाली कोठें आहे तें ठराविक क्रमानें शोधून तिच्या हातीं कारभार सोंपवितो. या क्रियेस 'बूट' होणें म्हणतात. ती अडली म्हणजे आंतील मजकूर नष्ट झाला, असें मुळींच नव्हे. पुष्कळदां वाड्याचा दिंडीदरवाजा तेवढा अडलेला असतो; आंतलें सामान जागच्या जागीं असतें. अशा वेळीं मागच्या दारानें आंत जावें लागतें. संपूर्ण कार्यप्रणाली बाहेरच्या तबकडीवरून चालवावयाची, ही कल्पना जर्मनींतील क्लाउस क्नॉपर यांनीं २००० सालीं काढलेल्या 'नॉपिक्स'नें लोकप्रिय केली. त्या वेळीं ती सीडीवर मिळे. आतां तेंच काम पेन ड्राइव्ह करतो.

हें साधन दोन प्रकारचें असतें. विंडोजमध्येंच 'रिकव्हरी ड्राइव्ह' तयार करण्याची सोय आहे. त्यास निदान १६ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्यावा. त्यानें विंडोजची दुरुस्ती किंवा पुनःस्थापना होते. परंतु आपले खासगी कागद त्यांत उतरत नाहींत. दुसरा प्रकार 'उबुंटू' किंवा 'सिस्टिमरेस्क्यू' यांसारख्या लिनक्स प्रणालीचा. तिची 'आयएसओ' फाइल उतरवून घेतल्यावर तिच्यासोबत दिलेली ६४ अक्षरांची खूण ताडून पाहावी. एका अक्षराचाहि फरक पडला तर फाइल सदोष समजावी. ती नुसती पेन ड्राइव्हवर नकलून भागत नाहीं. 'रूफस' किंवा 'एचर' यांसारख्या प्रोग्रॅमनेंच ती उतरवावी लागते, आणि तसें करतांना पेन ड्राइव्हवरील पूर्वीचें सर्व पुसलें जातें.

साधन तयार झालें कीं त्याच दिवशीं त्याची परीक्षा घ्यावी. संगणक सुरू होतांना एफ-१२, एफ-९, एस्केप अशी एखादी कळ दाबल्यास निवडीची यादी येते. कोणती कळ, तें यंत्रागणिक बदलतें. यादींत पेन ड्राइव्ह दिसलाच नाहीं, तर तो दुसऱ्या खांचेंत, मध्यें कोणतेंहि जोडसाधन न ठेवतां, लावून पाहावा. तरीहि न दिसल्यास तो जुन्या बायॉस पद्धतीनें बनविला आहे कीं नव्या यू. ई. एफ. आय. पद्धतीनें, हें पाहून यंत्रास अनुरूप असा पुन्हा बनवावा.

यादींत दिसतो पण यंत्र त्यास नाकारतें, असें झाल्यास 'सिक्युअर बूट' या पहाऱ्याचा संशय घ्यावा. ओळखीची सही नसलेल्या प्रणालीस तो आंत येऊं देत नाहीं. हा पहारा बदलण्यापूर्वीं मात्र एक सावधगिरी अवश्य हवी. अनेक नव्या विंडोज यंत्रांत 'बिटलॉकर'नें सर्व मजकूर कुलूपबंद केलेला असतो, आणि अशा बदलानंतर तो ४८ अंकी किल्ली मागतो. ती किल्ली जवळ नसेल, तर कोणतीहि तबकडी आपला मजकूर परत मिळवून देऊं शकत नाहीं.

कधीं कधीं प्रणाली सुरू होते, पण आंतली डिस्क दिसत नाहीं. यंत्राच्या मांडणीच्या पडद्यावर तिचें नांव असेल, तर इंटेलची 'आर. एस. टी.' ही योजना तिला झांकीत असण्याचा संभव असतो. तेथेंहि नांव नसेल, तर दोष जोडणींत किंवा डिस्कमध्येंच आहे. डिस्क दिसते पण लिहूं देत नाहीं, याचें कारण बहुधा विंडोज पूर्ण बंद न होतां निद्रावस्थेंत गेलेली असते. तेथें बळजबरी करूं नये. वाचतां येतें तेवढें पुरे.

कारण अशा वेळीं पहिलें काम दुरुस्तीचें नव्हे, तर नकलेचें आहे. प्रथम महत्त्वाच्या फाइली वेगळ्या डिस्कवर उतराव्या आणि मगच दुरुस्तीस हात घालावा. फसलेली दुरुस्ती वांचलेलेंहि बुडवूं शकते. जुन्या फिरत्या डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल, तर यंत्र तत्काळ बंद करून जाणत्याच्या स्वाधीन करावें. डिस्क नुसती मंदावली असेल, तर 'डीडीरेस्क्यू' हा प्रोग्रॅम आधीं चांगले भाग वाचतो व खराब भागांकडे मागाहून वळतो. दुर्बळ डिस्कवर ताण कमी पडावा, हाच त्यांतील हेतु.

पेन ड्राइव्हवर तारीख घालून तो ठरलेल्या खणांत ठेवावा, वर्षाकाठीं एकदां चालवून पाहावा, आणि बिटलॉकरची किल्ली कागदावर लिहून संगणकापासून दूर जपावी. मात्र चोरीस गेलेल्या किंवा जळालेल्या यंत्रापुढें हें साधन निरुपायच आहे. छायाचित्रांची व कागदांची दुसरी प्रत अन्यत्र असेल, तरच तें घर खऱ्या अर्थानें निर्धास्त समजावें.