आधी करार, मग घर

मुंबईच्या बी.डी.डी. चाळींनी सुमारे शंभर वर्षे गिरणी कामगारांचे संसार सांभाळले. बिऱ्हाडास जागा अवघी १६० चौरस फूट, शौचकूप सामाईक! तेथे ५०० चौरस फुटांची घरे विनामूल्य देण्याच्या योजनेचे भूमिपूजन २०१७ साली झाले, तेव्हा अनेक रहिवाशांनी ‘आधी करार, मग स्थलांतर’ असा आग्रह धरिला. यास कोणी हटवाद म्हणतील. आम्ही व्यवहार म्हणतो. पावतीवाचून व्यापारी माल सोडीत नाही. मग गरिबाने लेखावाचून घर का सोडावे? ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांस किल्ल्या मिळाल्या, हे संतोषजनक होय. तेलगावातही उद्या जुनी वास्तू पाडण्याचा प्रश्न निघाल्यास कुदळीपूर्वी कागद मागावा, इतकेच आमचे सांगणे.