निरपराध बंदिवान

ज्याने कोणताही अपराध केला नाही, ज्याच्यावर खटला नाही आणि ज्याच्या शिक्षेची मुदत कोणत्याही दफ्तरात नोंदलेली नाही, असा मनुष्य केवळ त्याचे मन व्याधिग्रस्त आहे म्हणून तुरुंगात डांबला जावा, ही आपल्या देशातील काही प्रांतांत दीर्घकाळ चालत आलेली वहिवाट होती. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी हे गाऱ्हाणे सर्वोच्च न्यायालयापुढे नेले, तेव्हा विशेषतः पश्चिम बंगालच्या तुरुंगांतील अशा अभाग्यांची दैना उजेडात आली, आणि १९९३ साली न्यायालयाने गुन्हेगार नसलेल्या मनोरुग्णास तुरुंगात ठेवणे बेकायदेशीर व घटनाबाह्य ठरविले.

परंतु जो खरोखरच आरोपी वा सजा झालेला कैदी आहे, त्याचे काय? बराकीतील दाटी, आप्तांचा विरह आणि पुढच्या तारखेची अनिश्चितता निरोगी मनालाही पोखरते; मग आधीच विकल झालेल्या मनाचा आक्रोश शिस्तभंग म्हणून गणला गेला, तर व्याधी अधिकच बळावते. म्हणूनच २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे कलम १०३ अशा बंद्यास तुरुंगाच्या वैद्यकीय विभागातील मनोरुग्ण कक्षात, आणि तशी सोय नसल्यास मनोरुग्णालयात हलविण्याची तरतूद करते. शिक्षा स्वातंत्र्यापुरतीच असते. उपचाराचा हक्क तुरुंगाच्या दरवाजापाशी जप्त होत नाही, हे समाजाने मनोमन मानले पाहिजे.