दोन अ‍ॅक्शन कॅमेरे, एक पट्टी आणि घरचा थ्रीडी व्हिडिओ

ज्यांना आजचा एपिसोड लोकलमध्ये नीट ऐकू आला नाही, त्यांच्यासाठी हा लिखित भाग. विषय आहे स्वस्तातला थ्रीडी व्हिडिओ.

आधी माझी फजिती सांगतो. आजोळचा वाडा पाडायचं ठरलं होतं. म्हटलं, जाण्याआधी थ्रीडीत शूट करून ठेवू. दोन सेकंडहँड कॅमेरे घेतले आणि वाडाभर फिरून चाळीस मिनिटं शूट केलं. घरी येऊन बघतो तर डोळे दुखायला लागले! एडिटिंगमध्ये सुधारू म्हटलं, तर सुधारता येईना. आणि परत शूट करायला वाडाच उरला नव्हता. म्हणून आजचा मुद्दा एकच: थ्रीडी शूटिंगच्या वेळीच घडतं किंवा बिघडतं.

तत्त्व सोपं आहे. आपल्या दोन डोळ्यांमध्ये साधारण ६३ मिलिमीटर अंतर असतं, त्यामुळे दोघांना किंचित वेगळी चित्रं दिसतात. मेंदू त्या फरकावरून खोली ओळखतो. चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्येच दोन सपाट चित्रांतून हे दाखवून दिलं होतं. आपण डोळ्यांच्या जागी कॅमेरे ठेवायचे, बस्स.

आता सेटअप. कॅमेरे एकाच मॉडेलचे घ्या. हार्डवेअरच्या दुकानातून अ‍ॅल्युमिनियमची पट्टी आणा आणि दोन्ही कॅमेरे तिच्यावर शेजारी शेजारी, घट्ट बसवा. आताच्या गोप्रोची बॉडी सुमारे ७ सेंटिमीटर रुंद असते, म्हणजे दोन लेन्समधलं अंतरही तेवढंच. इथे एक ढोबळ नियम वापरतात: सगळ्यात जवळची वस्तू या अंतराच्या तीसपट लांब हवी. म्हणजे २.१ मीटर. त्याहून जवळ कोणी आलं, की बघणाऱ्याचे डोळे तिरळे व्हायची वेळ येते. त्यामुळे थ्रीडीत सेल्फी नको!

दुसरी गोष्ट उंची. आपले डोळे आत-बाहेर वळतात, पण एक वर आणि एक खाली असं होत नाही. एक कॅमेरा जरासा झुकला तरी डोकं दुखतं. माझी चूक इथेच झाली. स्टॅबिलायझेशन चालू राहिलं होतं. प्रत्येक कॅमेरा आपापल्या हिशेबाने फ्रेम सरकवत होता, त्यामुळे दोन चित्रांची जोडी दर क्षणाला वेगळी तुटत होती. म्हणून स्टॅबिलायझेशन दोन्हीकडे बंद. व्हाइट बॅलन्स, शटर, आयएसओ आणि लेन्स मोड दोन्हीकडे सारखे, ऑटो नको. कॅमेरा हातात धरून पळू नका, ट्रायपॉडवर ठेवा.

तिसरी गोष्ट वेळ. गोप्रोने २०१४ मध्ये हीरो थ्री प्लस ब्लॅकसाठी ड्युअल हीरो नावाचा संच काढला होता. त्यात दोन्ही कॅमेरे केबलने एकत्र चालायचे. आपल्या जुगाडात ती सोय नाही. मग काय करायचं? रेकॉर्डिंग सुरू केलं की समोर उभं राहून जोरात टाळी वाजवायची. एडिटरमध्ये दोन्ही ऑडिओंतला टाळीचा टोक जुळवला की चित्रं जुळली. क्लिप मोठी असेल तर शेवटीही एक टाळी वाजवा, कारण दोन कॅमेऱ्यांची घड्याळं हळूहळू सरकतात.

तरीही अर्ध्या फ्रेमपर्यंत फरक राहतोच. ५० एफपीएसला तो जास्तीत जास्त १० मिलिसेकंद. समोरून आडवा चालणारा माणूस तेवढ्यात साधारण १ सेंटिमीटर सरकतो, म्हणजे चालून जातं. पण ताशी ३६ किलोमीटरने आडवी जाणारी बाइक १० सेंटिमीटर सरकते. लेन्समधल्या अंतरापेक्षाही जास्त! ती बाइक भलत्याच खोलीवर दिसणार. म्हणून सुरुवातीला संथ विषय निवडा. आणि ५० एफपीएसच का? आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, अँटी-फ्लिकरही ५०वर ठेवलं की ट्यूबलाइट लुकलुकत नाही.

एडिटिंग त्यामानाने सोपं. शॉटकट किंवा केडेनलाइव्ह, दोन्ही फुकट. डावी क्लिप डाव्या अर्ध्यात, उजवी उजव्या अर्ध्यात. कमांड लाइनवाल्यांना एफएफएमपेगचा एचस्टॅक फिल्टर आहेच. मेमरी कार्डांवर आधीच ‘डा’ आणि ‘उ’ लिहा. बाजू उलटल्या तर मागची भिंत पुढे आणि माणूस मागे दिसतो.

ही फाइल फोनवर लावून पुठ्ठ्याच्या कार्डबोर्ड व्ह्यूअरमध्ये बघायची. एकच काळजी घ्या: लांबच्या एखाद्या वस्तूच्या दोन प्रतिमांमधलं अंतर स्क्रीनवर पट्टीने मोजा. ते ६ सेंटिमीटरच्या फार पुढे गेलं, तर एडिटरमध्ये चित्र थोडं लहान करा. नाहीतर डोळ्यांना बाहेरच्या बाजूला फाकावं लागतं, आणि ते त्यांना जमत नाही.

माझ्या चाळीस मिनिटांतली दोनच मिनिटं वाचली. तेवढा वेळ कॅमेरे ओसरीवर ट्रायपॉडवर स्थिर होते. परवा आजीला व्ह्यूअर लावून दिला. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, “अरे, कोनाडा केवढा खोल होता, विसरलेच होते मी.”

तुमच्याही घरात असं काही जाणार असेल, तर आधी गच्चीवर एक टेस्ट क्लिप काढा, ती फोनवर बघा आणि मगच खरं शूट करा. भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये!