नियम गप्प का बसतो?

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने संगणकाच्या बिघाडावर लेख लिहावा, हा आमच्या वर्गातल्या काही मित्रांना आगाऊपणा वाटला. पण तेरीज जुळत नाही म्हणून पानेच्या पाने पुन्हा तपासत बसण्याचे शिक्षण आम्हालाच मिळालेले असते, आणि मी ज्या बिघाडाबद्दल सांगणार आहे तो त्याच जातीचा आहे. शिवाय त्यातली मुख्य चूक माझीच होती. तेव्हा ती सांगण्याचा हक्कही माझाच.

गेल्या वर्षापासून कॉलेज सुटल्यावर संध्याकाळी मी ओळखीच्या एका दादांच्या ऑफिसात कामाला जातो. ते लहान संस्थांना प्रोग्राम लिहून देतात. शहरातल्या एका पतसंस्थेसाठी त्यांनी कर्जाच्या अर्जांची पहिली छाननी करणारा प्रोग्राम तयार केला. त्याचा सांगाडा जावा या भाषेत आहे. कर्ज कोणाला, किती आणि कोणत्या तारणावर द्यावे याचे नियम मात्र 'ड्रूल्स' नावाच्या नियमयंत्रात वेगळे लिहिले आहेत. संचालक मंडळाने नियम बदलला की सगळा प्रोग्राम उसकटावा लागू नये, हा त्यामागचा हेतू. नियम लिहिण्याचे काम माझ्याकडे आले, कारण पोटनियमांचे पुस्तक वाचून समजणारा तिथे मीच एक होतो.

एका संध्याकाळी संस्थेचे जुने कारकून काका एक फाईल घेऊन आले. म्हणाले, "तुमचं ते कंप्युटर काय म्हणतंय बघा की जरा. ही मावशी अठरा वर्षांची सभासद. एक हप्ता चुकलेला नाही. दोनदा अर्ज घातला, दोनदा अपात्र." मी फाईल पाहिली. दोन जामीनदार होते, थकबाकी शून्य, मागणी ४०,००० रुपयांची. नियमाप्रमाणे शहरातल्या सभासदाला दोन जामीनदारांवर ५०,००० पर्यंत कर्ज जमिनीच्या उताऱ्याशिवाय मिळते. म्हणजे मावशी सरळ सरळ पात्र होत्या. त्यांनी मधल्या काळात मुलीच्या फीसाठी बोरमाळ गहाण ठेवली होती, हे काकांनी जाता जाता सांगितले. मला त्या रात्री नीट जेवण गेले नाही.

बिघाड कुठे होता हे सांगण्याआधी असे यंत्र चालते कसे ते पाहिले पाहिजे.

नियमांवर चालणाऱ्या प्रोग्रामना 'एक्स्पर्ट सिस्टिम' म्हणतात. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात १९७० च्या दशकात तयार झालेली 'मायसिन' ही त्यातली प्रसिद्ध. रक्तातील जंतुसंसर्ग कोणता असावा आणि औषध कोणते द्यावे हे ती सुमारे ६०० नियमांवरून सुचवत असे. पुढे १९८० च्या दशकात नासाच्या जॉन्सन अंतराळ केंद्रात 'क्लिप्स' तयार झाले; त्याचा आदर्श समोर ठेवून सँडिया प्रयोगशाळेतील अर्नेस्ट फ्रीडमन-हिल यांनी १९९५ मध्ये जावासाठी 'जेस' लिहायला घेतले. ड्रूल्सची सुरुवात २००१ मध्ये बॉब मॅकव्हर्टर यांनी केली. घराणे एकच, म्हणून बिघाडही बरेचसे सारखेच.

साध्या प्रोग्राममध्ये ओळी वरून खाली, एकामागून एक चालतात. नियमयंत्रात तसे नाही. इथे एका बाजूला वस्तुस्थिती असते: हा सभासद, हे त्याचे खाते, हे जामीनदार. ती 'वर्किंग मेमरी'त म्हणजे यंत्राच्या चालू नोंदवहीत टाकायची. दुसऱ्या बाजूला नियम. प्रत्येक नियमाचे दोन भाग: 'व्हेन' म्हणजे अमुक असेल तर, आणि 'देन' म्हणजे तमुक करा. ज्या नियमाच्या सगळ्या अटी जुळतात तो 'अजेंडा'वर येतो, आणि 'फायर ऑल रूल्स' अशी आज्ञा दिली की अजेंड्यावरचे नियम चालतात. एका नियमाने वस्तुस्थिती बदलली तर नवे नियम अजेंड्यावर येतात, काही उतरतात.

दर वेळी सगळे नियम सगळ्या नोंदींशी ताडून पाहायचे तर यंत्र दमून जाईल. यावर चार्ल्स फोर्गी यांनी कार्नेगी मेलन विद्यापीठात 'रेटे' ही पद्धत शोधली आणि १९८२ मध्ये ती सविस्तर प्रसिद्ध केली. रेटे म्हणजे लॅटिनमध्ये जाळे. आधी काय जुळले होते ते हे जाळे लक्षात ठेवते आणि जेवढे बदलले तेवढेच पुन्हा तपासते. ड्रूल्सने २०१३ च्या सहाव्या आवृत्तीपासून त्यात बरीच सुधारणा केली, पण लक्षात ठेवण्याचे मूळ तत्त्व तेच. आणि निम्मे बिघाड या स्मरणशक्तीतूनच उपजतात.

त्यातला पहिला असा. समजा सभासदाच्या खात्यावर थकबाकी होती आणि नियम एकदा चालून गेले. मग त्याने पैसे भरले. जावाच्या बाजूने आपण खात्यातली थकबाकी शून्य केली आणि नियम पुन्हा चालवले. काहीच घडत नाही! खात्याची वस्तू बदलली, पण ती बदलली हे यंत्राला कोणी सांगितलेच नाही. वाणिज्यच्या मित्रांना हे लगेच कळेल: रोजमेळात जमा लिहिली, खतावणीत खतवलीच नाही. रोजमेळ बरोबर, खतावणीही तिच्यापुरती बरोबर, आणि शिल्लक मात्र चूक. यावर उपाय म्हणजे 'अपडेट' ही आज्ञा देऊन बदल कळवणे. ती देण्यासाठी वस्तू आत टाकताना यंत्राने दिलेली पावती, म्हणजे 'फॅक्ट हँडल', जपून ठेवावी लागते. नवशिके ती टाकून देतात. मीही दिली होती.

जेस वापरणाऱ्यांची याच जातीची एक फजिती आहे. तिथे 'रीसेट' ही आज्ञा नोंदवही पुसून पाटी कोरी करते. जावातून सगळ्या नोंदी आत टाकून मग रीसेट आणि त्यानंतर 'रन' केले, तर रिकाम्या नोंदवहीवर नियम चालतात आणि कोणतीही तक्रार न करता संपतात. क्रम एवढाच बदलायचा की आधी रीसेट, मग नोंदी.

दुसरा बिघाड गप्प बसण्याच्या उलट, म्हणजे न थांबण्याचा. मी एक नियम असा लिहिला होता: थकबाकी शून्याहून अधिक असेल तर तीत २ टक्के दंड मिळवा. वाचायला निर्दोष आहे. पण दंड मिळवला की थकबाकी बदलली. बदलली म्हणून अट पुन्हा तपासली. ती अजून शून्याहून अधिकच, म्हणून नियम पुन्हा अजेंड्यावर. १०,००० चे १०,२००, मग १०,४०४, मग १०,६१२ रुपये ८ पैसे. नशिबाने दादांनी 'फायर ऑल रूल्स' या आज्ञेला १०० ची मर्यादा घालून ठेवली होती. शंभराव्या फेरीला आकडा ७२,४४६ रुपयांवर पोचला. आमच्या परीक्षेतल्या चक्रवाढ व्याजाच्या उदाहरणातसुद्धा इतका निर्दय सावकार पाहिला नव्हता.

यावर 'नो-लूप' नावाचा एक शब्द नियमाला जोडतात. तो जोडला की नियम स्वतःच्याच बदलामुळे पुन्हा उठत नाही. पण दोन नियम एकमेकांना उठवत राहिले तर नो-लूप काही करू शकत नाही. मला पटलेला उपाय वेगळा आहे: दंड आकारला की 'या महिन्याचा दंड आकारला' अशी खूण त्याच नोंदीत करायची आणि 'खूण नसेल तरच' अशी अट नियमात घालायची. कारकून शिक्का मारतो तो उगीच नाही.

काही जण नियमांना 'सेलियन्स' म्हणजे अग्रक्रमाचे आकडे देत सुटतात. दोनचार ठिकाणी ते योग्यच असते. पण प्रत्येक नियमाला आकडा लागू लागला तर आपण नियम लिहीत नसून वरून खाली चालणारा जुनाच प्रोग्राम आडवळणाने लिहीत आहोत असे समजावे.

तिसऱ्या बिघाडाने मला दोन दिवस छळले. नियमाच्या व्हेन भागात दोन बरोबरीची चिन्हे लिहिली की ड्रूल्स शब्दांचा मजकूर ताडून पाहते. देन भागात मात्र साधी जावा असते, आणि जावात तीच दोन चिन्हे मजकूर न पाहता दोन्ही वस्तू एकच आहेत का एवढेच पाहतात. म्हणजे सभासदाचा वर्ग 'अ' आहे का हे वर विचारले तर उत्तर होय, आणि तेच खाली विचारले तर नाही. त्यातही गंमत अशी की चाचणीत सगळे ठीक चालते, कारण चाचणीतला 'अ' आपण प्रोग्राममध्येच लिहिलेला असतो आणि असे लिहिलेले सारखे शब्द जावा एकदाच साठवते. खऱ्या दप्तरातून आलेला 'अ' ही वेगळी वस्तू. खालच्या भागात 'इक्वल्स' वापरावे, आणि त्याहून चांगले म्हणजे तिथे अटी लिहूच नयेत. अटींची जागा वर.

आता मावशींच्या फाईलकडे येतो.

तेरीज जुळली नाही तर निदान फरकाचा आकडा समोर दिसतो. त्याला ९ ने भाग गेला तर अंकांची अदलाबदल झाली असावी असा तर्क करता येतो. पण नोंद मुळातच राहून गेली असेल तर तेरीज छान जुळते आणि चूक झाकलेली राहते. न चाललेला नियम ही अशीच राहून गेलेली नोंद आहे. यंत्र चुकीचा संदेश देत नाही, लाल अक्षर दाखवत नाही.

म्हणून आधी दोन आकडे विचारावेत. नोंदवहीत किती नोंदी आहेत, आणि किती नियम चालले? 'फायर ऑल रूल्स' ही आज्ञा चाललेल्या नियमांची संख्या परत देते. बहुतेक लोक ती पाहतच नाहीत. मी फक्त मावशींचा अर्ज घेऊन नियम चालवले. नोंदी चार: अर्ज, सभासद, दोन जामीनदार. चाललेले नियम शून्य. म्हणजे जावाने माल पोचवला होता, दोष अटींत होता. मग नियमातली एकेक अट काढून पुन्हा चालवायचे. जामीनदारांची अट काढली, शून्य. थकबाकीची काढली, शून्य. रकमेची काढली, शून्य. राहण्याच्या गावाची अट काढली आणि नियम चालला.

नियमात मी गाव लिहिले होते 'बेळगाव'. मावशींच्या नव्या कागदपत्रांवरून भरलेल्या नोंदीत होते 'बेळगावी'. शहराचे सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बदललेले, जुन्या सभासदांच्या नोंदी जुन्याच, आणि काही ठिकाणी गावावर अनुस्वार देऊन 'बेळगांव'. घरी मराठी आणि बाजारात कन्नड बोलणाऱ्या मला ही तिन्ही एकच आहेत हे झोपेतही कळते. यंत्राच्या लेखी ती तीन गावे. एकही अट न जुळल्यामुळे मावशी ना शहरी ठरल्या, ना ग्रामीण.

पण यंत्राने त्यांना अपात्र म्हटलेच नव्हते, आणि हेच मला सर्वांत अधिक लागले. यंत्र गप्प होते. जावाच्या बाजूला मी निर्णयाची सुरुवातच 'अपात्र' अशी करून ठेवली होती, म्हणजे कोणताही नियम बोलला नाही तर कागदावर नकार छापला जाई. तो माझ्या एका ओळीतला नकार होता.

गावाच्या जागी आम्ही आता आकडी क्रमांक ठेवला आहे. नाव कोणी कसेही लिहो. निर्णय तीन प्रकारचे केले: पात्र, अपात्र आणि 'नियम लागू झाला नाही'. पात्र-अपात्रच्या खाली कोणत्या नियमाने तो निर्णय दिला त्याचे नाव छापले जाते. त्यासाठी ड्रूल्समध्ये प्रत्येक चाललेल्या नियमाची खबर देणारा 'लिसनर' लावता येतो. तिसऱ्या प्रकारच्या अर्जांची यादी रोज संध्याकाळी निघते.

पहिल्या दिवशी मागचे सगळे अर्ज पुन्हा चालवले, तर त्या यादीत सात नावे निघाली. त्या वेळी गावाची अट अजून जुनीच होती. पाच बेळगावी किंवा अनुस्वाराची. त्यांतली एक मावशी. काकांनी दुसऱ्याच दिवशी त्यांना बोलावून घेतले. सहाव्या नोंदीत गावाच्या नावापुढे कोणीतरी एक रिकामी जागा टाइप केली होती, जी डोळ्यांना दिसत नाही आणि यंत्राला दिसते. सातव्या नोंदीत चूक सापडलीच नाही. तो सभासद सहा महिने गावी शेतावर आणि सहा महिने शहरात राहतो, आणि पोटनियमांत अशा माणसाबद्दल काहीच लिहिलेले नाही. ती फाईल मॅनेजरसाहेबांनी स्वतःच्या टेबलावर ठेवून घेतली.