स्मार्टफोन फर्मवेअरची प्रादेशिक आवृत्ती

स्मार्टफोन फर्मवेअरची प्रादेशिक आवृत्ती म्हणजे एखाद्या विशिष्ट देशासाठी किंवा देशांच्या गटासाठी निर्मात्याने तयार केलेली फोनची मूळ आज्ञावली होय. एकाच नावाने विकला जाणारा फोन भारत, चीन, युरोप, आखाती देश किंवा जपान येथे वेगवेगळ्या आवृत्तीसह बाजारात येतो. बाह्यरूप सारखे असले तरी दूरसंचार जाळ्याशी होणारी जोडणी, उपलब्ध भाषा, आधीपासून बसवलेली ॲप, आणीबाणीच्या सोयी आणि अद्यतने मिळण्याचा क्रम या बाबी आवृत्तीनुसार बदलतात. परदेशातून आणलेला, भेट म्हणून मिळालेला किंवा जुना म्हणून विकत घेतलेला फोन वापरताना कोणती आवृत्ती ठेवावी, हा प्रश्न त्यामुळे निर्माण होतो.

संकल्पना

फर्मवेअर हे यंत्रभाग आणि वापरकर्त्याला दिसणारी ॲप यांच्यामधील दुवा असते. अँड्रॉइड फोनमध्ये त्याचे स्थूलमानाने तीन भाग मानता येतात : फोन सुरू करणारा बूटलोडर, रेडिओ लहरींचे काम पाहणारी मॉडेमची आज्ञावली आणि कार्यप्रणाली. प्रादेशिक फरक प्रामुख्याने मॉडेमची मांडणी आणि कार्यप्रणाली यांत आढळतो. बोलीभाषेत या संपूर्ण संचाला ‘रॉम’ असे म्हटले जाते. चायना रॉम, ग्लोबल रॉम, इंडिया रॉम हे शब्दप्रयोग त्यातूनच रूढ झाले आहेत.

सर्व निर्मात्यांची पद्धत एकसारखी नाही. शाओमी प्रत्येक प्रदेशासाठी स्वतंत्र रॉम प्रसिद्ध करते. सॅमसंगच्या फोनमध्ये ‘सीएससी’ या नावाने ओळखला जाणारा भाग देशानुसार बदलतो. ॲपल कंपनी एका मॉडेलसाठी जगभर एकच कार्यप्रणाली देते. मात्र दूरसंचार कंपन्यांसाठीच्या स्वतंत्र मांडणी-फायली आणि देशागणिक वेगळे यंत्रभाग यांद्वारे तेथेही प्रादेशिक भेद टिकून राहतो.

प्रादेशिक भेदाची कारणे

दूरसंचार जाळे : प्रत्येक देशात भ्रमणध्वनीसाठी दिलेले लहरींचे पट्टे वेगळे असतात. शिवाय ४जी जाळ्यावरून आवाजी कॉल करण्याची व्होल्टे ही पद्धत आणि ५जी सेवा कोणत्या कंपनीसाठी चालू ठेवायची, याची नोंद फर्मवेअरमध्ये असावी लागते.

कायदे आणि उद्योगातील संकेत : जपान आणि दक्षिण कोरियात विकल्या जाणाऱ्या फोनमध्ये छायाचित्र काढतानाचा आवाज सहसा बंद करता येत नाही. युरोपीय आवृत्तीत खाजगीपणाविषयीचे तेथील नियम पाळलेले असतात. चीनमध्ये गूगलच्या सेवा उपलब्ध नसल्यामुळे तेथील आवृत्तीत प्ले स्टोअर आधीपासून बसवलेले नसते.

बाजारपेठ आणि भाषा : आधीपासून बसवलेली ॲप, जाहिराती आणि मेनूच्या भाषा स्थानिक ग्राहक डोळ्यांसमोर ठेवून ठरवल्या जातात.

भारतीय आवृत्तीची वैशिष्ट्ये

व्होल्टे : रिलायन्स जिओने ५ सप्टेंबर २०१६ रोजी भारतात व्यावसायिक सेवा सुरू केली. या कंपनीचे जाळे आरंभापासून ४जीचे असून तिच्याकडे २जी किंवा ३जी जाळे नाही. इतर कंपन्यांच्या जाळ्यावर व्होल्टे नसलेला फोन कॉलसाठी जुन्या जाळ्यावर उतरू शकत असे. जिओवर ती वाटच नव्हती. परिणामी ज्या फोनच्या फर्मवेअरमध्ये जिओची व्होल्टे मांडणी नव्हती, त्यावर इंटरनेट चाले, परंतु नेहमीच्या पद्धतीने कॉल करता येत नसे. अशा फोनसाठी कंपनीला कॉलचे स्वतंत्र ॲप द्यावे लागले. यंत्र सक्षम असूनही आवृत्तीअभावी मूलभूत सेवा अडते, याचे हे ठळक उदाहरण आहे.

५जी : भारतात ५जी सेवेचा प्रारंभ १ ऑक्टोबर २०२२ रोजी झाला. त्या वेळी अनेकांच्या हाती ५जी क्षमतेचे फोन आधीपासूनच होते. मात्र भारतीय जाळ्यांसाठी ही सुविधा फर्मवेअरमधून खुली केलेली नसल्याने ते ४जीवरच चालत राहिले. आयफोन १२ आणि त्यापुढील फोनना डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या आयओएस १६.२ या अद्यतनानंतर भारतात ५जी वापरता येऊ लागले. नाशिक शहरात जिओची ५जी सेवा त्याच महिन्यात, २८ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाली. त्यामुळे नाशिकमधील ग्राहकाला सेवा मिळण्यासाठी शहरातील मनोरा, फोनमधील योग्य पट्टे आणि भारतीय जाळ्यासाठी अद्ययावत झालेले फर्मवेअर या तिन्ही गोष्टी जुळून येणे आवश्यक होते. भारतात ५जीसाठी प्रामुख्याने एन२८ आणि एन७८ हे पट्टे वापरले जातात. जिओचे ५जी जाळे ४जीवर अवलंबून नसलेल्या स्वतंत्र पद्धतीचे आहे, तर एअरटेलने आरंभी ४जीच्या आधाराने चालणारी पद्धत स्वीकारली. फर्मवेअरमध्ये यांपैकी एकच पद्धत खुली असल्यास एका कंपनीच्या सिमवर ५जी मिळते आणि दुसऱ्या कंपनीच्या सिमवर मिळत नाही.

मराठी आणि इतर भारतीय भाषा : भारतीय मानक १६३३३ च्या तिसऱ्या भागानुसार भारतात विकल्या जाणाऱ्या फोनमध्ये इंग्रजी, हिंदी आणि आणखी किमान एका भारतीय भाषेत मजकूर लिहिण्याची, तसेच राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील सर्व २२ भाषांतील मजकूर वाचण्याची सोय असणे आवश्यक आहे. चीनसाठीच्या अनेक आवृत्त्यांत मेनूसाठी चिनी आणि इंग्रजी एवढेच पर्याय असतात. अशा फोनवर देवनागरी मजकूर दिसतो आणि मराठी कळफलकाचे ॲपही बसवता येते. परंतु सेटिंग, सूचना आणि इशारे मराठीत करता येत नाहीत. इंग्रजी वाचण्याची सवय नसलेल्या ज्येष्ठ व्यक्तीसाठी हा फरक निर्णायक ठरतो.

आणीबाणीच्या सोयी : भारतात विकल्या जाणाऱ्या फोनमध्ये संकटकाळी मदत मागण्याचे बटण असावे, असा नियम केंद्र सरकारने २०१६ मध्ये केला. दूरसंचार विभागाने २०२३ मध्ये ‘सेल ब्रॉडकास्ट’ पद्धतीच्या आपत्ती-इशाऱ्यांच्या चाचण्या घेतल्या. हे इशारे फोन क्रमांकावर नव्हे, तर ठराविक मनोऱ्यांच्या कक्षेतील सर्व फोनवर एकाच वेळी पाठवले जातात आणि ते प्रादेशिक भाषेतही देता येतात. नाशिकमध्ये गोदावरीच्या पुराची पातळी दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून ओळखण्याची लोकरीत आहे. गंगापूर धरणातून विसर्ग वाढल्यास नदीकाठच्या वस्तीला व रामकुंड परिसरातील भाविकांना अशा इशाऱ्याचा उपयोग होऊ शकतो. मात्र तो स्वीकारण्याची व दाखवण्याची व्यवस्था फोनच्या आवृत्तीत असावी लागते.

ॲपवरील निर्बंध : भारत सरकारने २९ जून २०२० रोजी ५९ चिनी ॲपवर बंदी घातली. त्यानंतर शाओमीने बंदी घातलेली ॲप भारतातील आपल्या फोनच्या आवृत्तीत आधीपासून बसवलेली नसतील, असे जाहीर केले. अन्य देशांसाठीच्या आवृत्तीला हे लागू नव्हते.

वनप्लस आणि सायनोजेन वाद

प्रादेशिक आवृत्तीचा प्रश्न भारतात न्यायालयापर्यंत गेल्याचे उदाहरण २०१४ मधील आहे. वनप्लस वन हा फोन सायनोजेन या कंपनीच्या कार्यप्रणालीवर चालत असे. तो भारतात येण्यापूर्वी सायनोजेनने मायक्रोमॅक्स या भारतीय कंपनीला भारतापुरते अनन्य अधिकार दिले आणि वनप्लसच्या भारतातील फोनना अद्यतने देणार नसल्याचे कळवले. वनप्लस वनची भारतातील विक्री डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झाली. मायक्रोमॅक्सच्या अर्जावर दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच महिन्यात या फोनच्या आयात-विक्रीस मनाई केली. महिनाअखेरीस खंडपीठाने ती उठवली. पुढे वनप्लसने ऑक्सिजन ओएस ही स्वतःची कार्यप्रणाली तयार करून २०१५ मध्ये ती प्रसिद्ध केली. तोच फोन इतर देशांत सुरळीत अद्ययावत होत असताना भारतात त्याचे भवितव्य अनिश्चित झाले, ते केवळ आज्ञावलीच्या प्रादेशिक हक्कांमुळे.

आवृत्ती ओळखण्याची पद्धत

फोनच्या सेटिंगमधील ‘अबाउट फोन’ या भागात आवृत्तीची माहिती मिळते.

शाओमी, रेडमी, पोको : आवृत्ती क्रमांकाच्या शेवटी सात इंग्रजी अक्षरे असतात. पहिले अक्षर अँड्रॉइडची आवृत्ती, पुढील दोन फोनचे मॉडेल आणि त्यानंतरची दोन प्रदेश दर्शवतात. ‘आयएन’ म्हणजे भारत, ‘एमआय’ म्हणजे जागतिक, ‘सीएन’ म्हणजे चीन आणि ‘ईयू’ म्हणजे युरोप.

सॅमसंग : ‘सॉफ्टवेअर इन्फर्मेशन’ या भागातील सेवापुरवठादाराच्या ओळीत तीन अक्षरी सीएससी संकेत असतो. ‘आयएनएस’ आणि ‘आयएनयू’ हे भारताचे संकेत आहेत.

ॲपल : मॉडेल क्रमांकाच्या शेवटच्या तिरप्या रेघेआधीची अक्षरे विक्रीचा देश दर्शवतात. ‘एचएन’ म्हणजे भारत, ‘एलएल’ म्हणजे अमेरिका आणि ‘जे’ म्हणजे जपान.

सेटिंगमध्ये ‘प्रदेश’ किंवा ‘रीजन’ बदलल्याने फर्मवेअरची आवृत्ती बदलत नाही. त्यामुळे दिनांक, चलन, काही ॲप आणि जाहिराती एवढेच बदलते.

परदेशातून आणलेले फोन

दुबई, अमेरिका किंवा सिंगापूर येथून नातेवाइकांनी आणलेल्या फोनबाबत सर्वप्रथम यंत्राच्या मर्यादा पाहाव्या लागतात. फोनमध्ये नसलेला लहरींचा पट्टा कोणतीही आवृत्ती बसवून मिळवता येत नाही. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोन १४ आणि त्यापुढील फोनना सिम बसवण्याची खाचच नसते; त्यांवर भारतात ई-सिम घ्यावे लागते. सॅमसंगच्या काही फोनना प्रथम विक्रीच्या प्रदेशातील सिमवरून काही मिनिटे कॉल केल्याशिवाय अन्य प्रदेशातील सिम चालत नाही. परदेशी दूरसंचार कंपनीच्या करारावर घेतलेला फोन त्या कंपनीच्या सिमपुरता कुलूपबंद असू शकतो. हे कुलूप फर्मवेअरच्या आवृत्तीहून वेगळे असते आणि आवृत्ती बदलल्याने ते उघडेलच असे नाही.

आवृत्ती बदलण्यातील धोके

अनेक अँड्रॉइड फोनमध्ये दुसऱ्या प्रदेशाची आवृत्ती बसवण्यासाठी आधी बूटलोडर खुला करावा लागतो. त्या क्रियेत फोनमधील सर्व माहिती पुसली जाते. बूटलोडर खुला असलेला फोन सुरक्षिततेच्या तपासणीत अमान्य ठरू शकतो. परिणामी बँकांची आणि यूपीआयची काही ॲप त्यावर चालत नाहीत.

याउलट, बसवलेली आवृत्ती यंत्राच्या मूळ प्रदेशाशी जुळत नसताना बूटलोडर पुन्हा बंद केल्यास फोन सुरूच न होण्याचा धोका असतो. चीनसाठी बनवलेल्या शाओमी फोनवर जागतिक आवृत्ती बसवून बूटलोडर बंद केल्यावर असे घडते. अनेक निर्माते जुन्या आवृत्तीकडे परत जाण्यास प्रतिबंध करणारी व्यवस्थाही ठेवतात. ती न जुमानता जुनी आवृत्ती बसवल्यास फोन निकामी होऊ शकतो.

सॅमसंगच्या फोनमध्ये अनधिकृत आवृत्ती बसवल्यास नॉक्स या सुरक्षाव्यवस्थेतील खूण कायमची बदलते. मूळ आवृत्ती परत बसवली तरी ती खूण पूर्ववत होत नाही आणि सुरक्षित फोल्डरसारख्या सोयी पुन्हा मिळत नाहीत.

दुकानदाराने विक्रीपूर्वीच मूळ आवृत्ती बदलून दिलेल्या फोनमध्ये निर्मात्याची अद्यतने न येणे किंवा नको असलेली ॲप आधीच बसवलेली असणे शक्य असते. अशा फोनचे सुरक्षा-अद्यतन किती जुने आहे, हे खरेदीपूर्वी सेटिंगमध्ये पाहता येते.

आयएमईआय आणि कायदा

फर्मवेअर बदलल्याने फोनचा १५ अंकी आयएमईआय क्रमांक बदलत नाही आणि बदलणे अपेक्षितही नसते. तो मुद्दाम बदलणे हा भारतात गुन्हा आहे. *#०६# हे अंक दाबल्यास क्रमांक दिसतो. मे २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘संचार साथी’ या सरकारी सेवेत या क्रमांकावरून फोनची वैधता तपासता येते. फोनवर दिसणारा क्रमांक खोक्यावरील आणि पावतीवरील क्रमांकाशी जुळत नसेल, तर तो फोन घेणे टाळावे.

निवडीचे निकष

प्रादेशिक आवृत्तीची निवड फोन जेथे वापरायचा आहे त्या ठिकाणच्या गरजांवरून करणे इष्ट असते. नवे दृश्यरूप, कमी जाहिराती किंवा लवकर येणारे अद्यतन यांच्या मोहाने केलेला बदल अनेकदा कॉल, ५जी किंवा बँकव्यवहार यांसारख्या नित्याच्या सेवेवर परिणाम करतो. निर्णयाचा क्रम सर्वसाधारणपणे पुढीलप्रमाणे ठेवता येतो :

१. फोनच्या अचूक मॉडेल क्रमांकावरून त्यात भारतीय जाळ्यांचे पट्टे आहेत का, ते पाहणे.
२. आपल्या कंपनीचे सिम घालून व्होल्टे कॉल, ५जी, लघुसंदेश आणि यूपीआय ॲप प्रत्यक्ष तपासणे.
३. मराठी मेनू, आणीबाणीची सोय आणि सुरक्षा-अद्यतने उपलब्ध आहेत का, ते पाहणे.
४. या सर्व बाबी समाधानकारक असल्यास मूळ आवृत्ती तशीच ठेवणे.
५. बदल अपरिहार्य असल्यास त्याच मॉडेल क्रमांकासाठी निर्मात्याने स्वतः प्रसिद्ध केलेली आवृत्तीच वापरणे आणि त्यापूर्वी सर्व माहितीची प्रत अन्यत्र जतन करणे.

भारतात कायम वास्तव्य असणाऱ्यांसाठी भारतात विकलेला फोन आणि त्याची भारतीय आवृत्ती हा सामान्यतः सर्वांत निर्धोक पर्याय ठरतो. वारंवार परदेशी जाणाऱ्यांना अधिक पट्टे असलेला फोन उपयुक्त ठरू शकतो. मात्र वॉरंटी आणि दुरुस्ती खरेदीच्या देशापुरती मर्यादित असू शकते, हे त्यांनी लक्षात घ्यावे लागते.

हे सुद्धा पहा

अँड्रॉइड
आयएमईआय
व्होल्टे
भारतातील ५जी सेवा
संचार साथी