केसांच्या कडेचं गणित

वाऱ्यावर उडणारे केस आणि मागे निळं आकाश, असा फोटो कॉम्प्युटरवर खूप मोठा करून पाहा. केस कुठे संपले आणि आकाश कुठे सुरू झालं, हे सांगता येत नाही. केस बहुतेकदा एका पिक्सेलपेक्षाही बारीक असतो, त्यामुळे कडेच्या पिक्सेलमध्ये थोडा केस आणि थोडं आकाश असतं. मागचं आकाश बदलायला कात्रीने कापावी तशी कड कापली, तर केसांचा जणू टोप होतो. इरेझरने पुसलं, तर फाइल सेव्ह करून बंद केल्यावर पुसलेलं कायमचं गेलं.

फोटोशॉपसारख्या सॉफ्टवेअरमध्ये चित्रं एकमेकांवर थरांसारखी ठेवतात; असा प्रत्येक थर म्हणजे लेअर. त्याला लावलेला लेअर मास्क काहीच पुसत नाही. लेअरला जोडलेलं ते वेगळं कृष्णधवल चित्र असतं आणि साध्या 8 बिटच्या फाइलमध्ये त्याच्या प्रत्येक पिक्सेलला 0 ते 255 मधला एक आकडा असतो. पांढरं, म्हणजे 255 असेल तिथे वरचा लेअर पूर्ण दिसतो. काळं, म्हणजे 0 असेल तिथे तो पूर्ण झाकला जातो. खरी कामगिरी मधल्या करड्या छटांची. आकडा 51 असेल, तर तो 255 चा पाचवा हिस्सा. म्हणून वरचा रंग 20 टक्के आणि खालचा 80 टक्के. वरच्या पिक्सेलचा लाल रंगाचा आकडा 200 आणि खालच्याचा 100 असेल, तर दिसेल 120. निर्णय बदलला तर मास्क पुन्हा रंगवायचा. मूळ फोटो जागच्या जागी आहे.

ही कल्पना फोटोशॉपहून जुनी आहे. एड कॅटमल आणि आल्वी रे स्मिथ यांनी 1970 च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत लाल, हिरवा, निळा या आकड्यांना अपारदर्शकतेचा चौथा आकडा जोडला: अल्फा. 1984 मध्ये लुकासफिल्मच्या थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी चित्रं एकमेकांवर रचण्याची संपूर्ण बीजगणिती रीत मांडली. फोटोशॉपमध्ये लेअर आले ते 1994 मध्ये.

शिकवताना मात्र बटणं आधी येतात आणि हे गणित राहूनच जातं. म्हणूनच एक अडचण नवख्यांना कोड्यात टाकते. मास्क अचूक केला, मागे संध्याकाळचं केशरी आकाश लावलं, तरी केसांभोवती निळसर किनार उरते. दोष मास्कचा नाही. कितपत दाखवायचं एवढंच तो ठरवतो. त्या पिक्सेलच्या रंगात आधीच मुरलेलं जुनं आकाश तो वेगळं काढू शकत नाही. तिथे कडेच्या पिक्सेलचा रंगच दुरुस्त करावा लागतो, तोही मूळ लेअरला हात न लावता, त्याच्यावर घेतलेल्या वेगळ्या लेअरवर.